ला पाझला तीन दिवस आहेत, काय पाहावं?

तुम्ही विचारलंय की बोलिव्हियाच्या राजधानीत, ला पाझला, तीन दिवस मिळताहेत, तर काय काय पाहावं. आधी थोडा चोंबडेपणा करतो: राज्यघटनेप्रमाणे राजधानी सुक्रे आहे. सरकार आणि संसद मात्र ला पाझला.

पहिल्या दिवशी काहीच पाहू नका. शहर साधारण 3,600 मीटरवर आहे. दोन कळसूबाई एकावर एक रचल्या तरी खालीच राहतील. विमानतळ तर वर एल आल्तो या शेजारच्या शहरात, 4,000 मीटरच्याही पुढे. 'आपण सह्याद्रीत फिरलेली माणसं' अशा तोऱ्यात मी बॅग टाकून लगेच बाहेर पडलो आणि एका चढाच्या गल्लीतच पायरीवर बसकण मारली. डोकं ठणकायला लागलं ते रात्रीपर्यंत. भरपूर पाणी, हलकं जेवण आणि कोकाच्या पानांचा चहा, एवढंच करा. ही पानं तिथे सर्रास मिळतात, पण आठवण म्हणून घरी आणू नका. आपल्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याने त्यांवर बंदी आहे.

दुसरा दिवस रोपवेचा. रायगडासारखा पर्यटकांचा नव्हे, लोक त्याने कामावर जातात. 2014 पासून सुरू आहे आणि आता दहा मार्ग झालेत. एल आल्तोहून पिवळ्या मार्गाने खाली या, मग हिरवा पकडा. वर उघड्या लाल विटांची, गिलावा न केलेली घरं. खाली बंगले आणि पोहण्याचे तलाव. आपल्याकडे पैसेवाले टेकडीवर घर घेतात, इथे ते दरीत राहतात, कारण खाली ऊब आहे आणि हवाही जरा दाट. समोर 6,400 मीटरहून उंच इयिमानी शिखर. गुरुवार किंवा रविवार असेल तर एल आल्तोचा बाजार चुकवू नका. खिसा मात्र सांभाळा.

तिसऱ्या दिवशी मुरिओ चौकात संसदेच्या इमारतीवरचं घड्याळ पाहा. 2014 साली त्याचे काटे उलटे फिरवले. दक्षिण गोलार्धात सूर्यघड्याळाची सावली उलटी फिरते, हा त्यामागचा युक्तिवाद. चेटकिणींचा बाजार मला जरा पर्यटकी वाटला. लामा या प्राण्याचे वाळवलेले गर्भ टांगलेले असतात, तेव्हा मन घट्ट करून जा.

शाकाहारी असाल तर साल्तेन्या (सारण भरून भाजलेली करंजी) घेताना आत काय आहे ते विचारा, बहुतेक मांसच असतं. सकाळी आपी प्या: जांभळ्या मक्याचं, दालचिनी-लवंग घातलेलं गरम पेय. पहिला घोट जपून घ्या, वाफ दिसत नसली तरी जीभ भाजते.