नडगीचे हाड, जानेवारीची शर्यत आणि देणगीदारांना दिलेला शब्द

प्रश्न : मी ४१ वर्षांची शिक्षिका असून फोंड्यात राहते. आमच्या तालुक्यातील विशेष मुलांच्या एका शाळेला व्हॅन घेता यावी म्हणून जानेवारीत मुंबईची पूर्ण मॅरेथॉन धावण्याचे मी जाहीर केले आणि त्यासाठी देणग्याही येऊ लागल्या. वजन उतरावे म्हणून मी रात्रीचे जेवण सोडले होते आणि रोज पहाटे फर्मागुडीचा चढउतार धावत होते. जुलैत नडगी दुखू लागली. एमआरआयमध्ये नडगीच्या हाडाच्या आतल्या कडेला स्ट्रेस फ्रॅक्चर निघाले. आठ आठवड्यांच्या विश्रांतीनंतर डॉक्टरांनी आता हळूहळू धावायला परवानगी दिली आहे. उरलेल्या चार महिन्यांत पूर्ण मॅरेथॉन शक्य आहे का? मऊ म्हणून मिरामारच्या वाळूवर सराव करू का? लांब अंतराच्या दिवशी आधीच वेदनाशामक गोळी घेतली तर चालेल का? काही देणग्या माझ्याच खात्यात आल्या आहेत आणि लंडनचा चुलतभाऊही पैसे पाठवू म्हणतो. माघार घेतली तर या सर्वांना काय सांगू?

— एक वाचक, फोंडा

उत्तर : यंदा ४२.१९५ किलोमीटर धावू नका. अर्धी मॅरेथॉन, म्हणजे सुमारे २१ किलोमीटर, धावत-चालत पुरी करता येण्याजोगी आहे, पण तीही पुढील अटी पाळल्या तरच.

हाडावर वारंवार ताण पडला की शरीर तेथील जुना भाग आधी काढून टाकते आणि मग नवा भरते. काढण्याचे काम साधारण तीन आठवड्यांत उरकते, तर भरून टणक होण्यास तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो. या दोन वेगांमधील फरकामुळेच सराव एकदम वाढवणाऱ्याचे हाड तडकते, आणि याच कारणाने दुखणे थांबले म्हणजे हाड पूर्ववत झाले असे होत नाही. शिवाय दमसास हाडाच्या मानाने लवकर परततो. महिनाभरात तुम्हाला आणखी पाच किलोमीटर सहज धावू असे वाटेल आणि तेव्हाच सर्वांत अधिक जपावे लागेल. तुमची जखम आतल्या कडेची आहे, ही त्यातल्या त्यात दिलासा देणारी गोष्ट आहे, कारण नडगीच्या पुढच्या कडेवरची तडा बरी होण्यास फार त्रास देते.

प्रथम पाऊण तास झपझप चालून पाहावे. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही हाडावर बोट दाबले असता दुखले नाही, आणि दुखऱ्या पायावर लंगडी घालतानाही काही जाणवले नाही, तर एक मिनिट धावणे व दोन मिनिटे चालणे असा क्रम एक दिवसाआड सुरू करावा. प्रत्येक पायरी किमान दोनदा विनातक्रार पार पडल्यावरच पुढची घ्यावी. दुखले तर थांबावे आणि दुखणे गेल्यावर एक पायरी खाली यावे. अधल्यामधल्या दिवशी सायकल चालवावी किंवा पणजीत कांपालच्या तलावासारख्या ठिकाणी कमरेला तरंगणारा पट्टा बांधून खोल पाण्यात धावावे, कारण त्यात दम लागतो आणि हाडावर आघात होत नाही. फर्मागुडी तूर्त सोडावी, कारण चढापेक्षा उतारावर पावलागणिक बसणारा दणका अधिक असतो. डिसेंबरच्या मध्यापर्यंत १४-१५ किलोमीटर न दुखता जमले नाहीत, तर अर्ध्या मॅरेथॉनचाही विचार सोडून त्याच शर्यतीतील ड्रीम रन या कमी अंतराच्या धावेत जावे. सेवाभावी संस्थांचे पाठीराखे तीत मोठ्या संख्येने उतरतातच. प्रवेशिका बदलून मिळते का, हे मात्र आयोजकांना आजच विचारावे.

मिरामार नको. कोरड्या वाळूत पोटरी व घोट्याला जास्त राबावे लागते आणि पाण्यालगतची घट्ट वाळू समुद्राकडे कललेली असल्याने एका पायावर ताण येतो. कांपाल ते दोनापावला हा सपाट रस्ता त्यापेक्षा बरा.

गोळीचे उत्तर ठाम नाही असे आहे. तुमच्याकडे हाडाचा इशारा ओळखण्याचे वेदना हेच साधन आहे आणि गोळी नेमके तेच बंद करते. शिवाय गोव्याच्या दमट हवेत तासन् तास घाम गाळताना आयब्युप्रोफेनसारखी औषधे मूत्रपिंडावर ताण आणतात.

तुम्ही ओघात लिहिलेले रात्रीच्या जेवणाचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. अंतर वाढवायचे आणि अन्न तोडायचे, या जोडीने हाडाची झीज भरून येत नाही. या काळात पाळी अनियमित झाली असेल, तर ते वयावर न ढकलता डॉक्टरांना सांगावे आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी. गोव्यात ऊन भरपूर आहे म्हणून ते पुरेसे असेलच असे नाही. रात्रीचे जेवण पुन्हा सुरू करावे. नाचणी, दूध आणि मासे खात असाल तर काट्यांसकट खाल्लेले लहान तारले यांतून कॅल्शियम चांगले मिळते.

आता देणगीदारांविषयी. त्यांनी पैसे व्हॅनसाठी दिले आहेत. अंतर हे केवळ निमित्त आहे. कॅनडाच्या टेरी फॉक्सने कर्करोगाच्या संशोधनासाठी १९८० मध्ये कृत्रिम पायावर देश ओलांडायला सुरुवात केली आणि १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावल्यावर, रोग फुप्फुसात पोहोचल्याने, तो अर्ध्या वाटेत थांबला. तरीही फेब्रुवारी १९८१ पर्यंत निधी २ कोटी ४० लाख कॅनेडियन डॉलरच्या पुढे गेला. त्याच्यासारखे दुखणे सोसून धावावे असे मी मुळीच म्हणत नाही. धाव अपुरी राहिली म्हणून देणग्या थांबल्या नाहीत, एवढाच मुद्दा आहे. शर्यतीच्या आदल्या आठवड्यापर्यंत न थांबता सर्वांना आताच कळवावे : पाय मोडला होता, अंतर कमी केले आहे, व्हॅनचे काम चालू आहे, आणि कोणाला रक्कम परत हवी असल्यास ती मिळेल.

पैसे स्वतःच्या खात्यात ठेवू नयेत. आलेली रक्कम देणगीदारांच्या नावांच्या यादीसह शाळा चालवणाऱ्या संस्थेकडे द्यावी आणि पुढच्या देणग्या थेट तिच्या खात्यात जाऊ द्याव्यात. देणगीवरील आयकराची सवलत संस्थेच्या पावतीवरच मिळते, दोन हजारांवरच्या रोख देणगीला मिळत नाही आणि नवी करप्रणाली निवडणाऱ्यांना तिचा उपयोग नाही.

चुलतभावाला पासपोर्ट कोणता, हे आधी विचारा. भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत संस्थेला पैसे पाठवणार असेल, तर अडचण नाही. आपल्याकडच्या अनेकांप्रमाणे त्याने पोर्तुगीज किंवा ब्रिटिश नागरिकत्व घेतले असेल, तर ती विदेशी देणगी ठरते. ती घेण्यासाठी संस्थेकडे २०१० च्या विदेशी अंशदान नियमन कायद्याखालील परवानगी हवी आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच यावी लागते. ती परवानगी नसल्यास त्याचे पैसे तुमच्या खात्यात मागवून पुढे शाळेला देऊ नका.