चामखिळीवर बिबा लावावा का?

आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या बोटांवरील चामखिळी आणि आपल्या आईच्या तळपायावरील तीळ, या दोन्हींवर गावातील जाणते सांगतात त्याप्रमाणे बिबा लावावा का, असे आपण विचारले आहे. दोन्हींपैकी कशावरही लावू नका.

मी दारव्हा तालुक्यातला. कापूस वेचताना पायात काटा मोडला तरी आमच्या घरी बिबाच चटकवत असत. सहावीत असताना माझ्या उजव्या हातावर चामखिळी आल्या, तेव्हा मोठेबाबांनी, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाने, दिव्यावर तापवलेली सुई बिब्यात खुपसली आणि सुटलेले तेल प्रत्येक चामखिळीवर टेकवले. तिसऱ्या दिवशी बिबा उतला. कोपरापर्यंत हात सुजला, पाणी भरलेले फोड आले आणि खाजेने मी रात्र रात्र रडत होतो. आजी खोबरेल चोळत बसायची. दिवाळीपर्यंत जखमांच्या कडेने नव्या चामखिळी उगवल्या आणि आठवीत त्या कोणत्याही उपायाशिवाय गेल्या. मोठेबाबा मात्र आजही चारचौघांत सांगतात, “बिब्यानंच गेल्या.” मग दोन वर्षे का लागली, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी मला कधीही दिलेले नाही.

चामखीळ विषाणूमुळे होते आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीने तो ओळखला की ती आपोआप झडते. मुलांमध्ये सुमारे निम्म्या चामखिळी वर्षभरात जातात. म्हणूनच घोड्याचा केस, चुना-सोडा, बिबा, जे त्या वेळी चालू असेल त्याला श्रेय मिळते.

गेल्या वर्षी माझ्या मुलीला चामखिळी आल्या, तेव्हा मोठेबाबा खिशात बिबे घेऊन आले. मी सर्वांसमोर नकार दिला. रोज रात्री कोमट पाण्यात बोटे भिजवून, वरची मेलेली कातडी हलकेच घासून, भोवती व्हॅसलिन लावून १७ टक्के सॅलिसिलिक आम्लाचे औषध फक्त चामखिळीवर लावले. अकरा आठवडे लागले. त्या कदाचित आपोआपही गेल्या असत्या, हे मला मान्य आहे; पण तिच्या हातावर माझ्यासारखे काळे डाग नाहीत.

हे औषध चेहऱ्यावर लावू नये आणि मधुमेही माणसाने पायाला लावू नये. तिळावर तर काहीच लावायचे नसते, कारण तो विषाणूचा नसून रंगपेशींचा पुंजका असतो. आपल्याकडे त्वचेचा काळा कर्करोग तळपायावर आणि नखाखाली विशेष आढळतो. आईचा तीळ वाढत असेल, कडा वेड्यावाकड्या असतील, रंग एकसारखा नसेल, रक्त येत असेल किंवा तो ६ मिलिमीटरपेक्षा मोठा असेल, तर यवतमाळ किंवा नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील त्वचारोग विभागात याच आठवड्यात दाखवा.

आणि घरातील वडीलधारे बिबा घेऊन आलेच, तर मुलाच्या आड आपण उभे राहा. मोठ्या भावासमोर कसे बोलायचे, म्हणून माझे बाबा त्या दिवशी दारात गप्प उभे होते.