क्युबिक स्प्लाइन घनावरच चुकतो, तेव्हा

प्रश्न : आमच्या विभागाच्या संगणन लायब्ररीसाठी मी नैसर्गिक क्युबिक स्प्लाइनने अंतर्वेशन करणारा, म्हणजे दिलेल्या बिंदूंच्या मधल्या किमती काढणारा कोड लिहिला आहे. दिलेल्या बिंदूंवर तो बरोबर किमती देतो आणि ० ते पाय या टप्प्यात साइनवरही उत्तम चालतो. मात्र क्षचा घन दिला की मधल्या किमती चुकतात. घन बहुपदींचे तुकडे जोडून केलेला स्प्लाइन घनावरच चुकत असेल, तर कोडमध्ये दोष आहे का?
— एक संशोधक विद्यार्थी

उत्तर : कोड बहुधा ठीक आहे, तुमची अपेक्षा चुकली आहे. नैसर्गिक स्प्लाइन दोन्ही टोकांना दुसरा डेरिव्हेटिव्ह शून्य धरतो, तर क्षच्या घनाचा दुसरा डेरिव्हेटिव्ह, म्हणजे ६क्ष, केवळ शून्यापाशीच शून्य असतो. ०, १, २, ३ हे चार बिंदू घेऊन गणित कागदावर करून पाहा. आतल्या दोन बिंदूंवर दुसरे डेरिव्हेटिव्ह ६ आणि १२ ऐवजी ४.८ आणि १६.८ येतात, आणि त्यामुळे २.५ पाशी १५.६२५ ऐवजी १६.४५ मिळतात. तुमच्या चाचणीत अपेक्षित उत्तर म्हणून १६.४५ हेच लिहायला हवे, १५.६२५ आले, तर मात्र कोड तपासायला घ्या. पायथनमधल्या सायपाय या गणिती लायब्ररीच्या क्युबिकस्प्लाइनशी ताळा करणार असाल, तर तिथे टोकांची अट न सांगितल्यास ‘नॉट-अ-नॉट’ (प्रत्येक टोकाजवळचे दोन तुकडे एकाच घन बहुपदीचे असावेत, ही अट) धरली जाते आणि घन हुबेहूब परत मिळतो, हे ध्यानात ठेवा.

साइनवरच्या यशावर फार विसंबू नका. ० आणि पाय या दोन्ही ठिकाणी साइनचा दुसरा डेरिव्हेटिव्ह मुळातच शून्य असल्याने टोकांच्या अटीची तिथे परीक्षाच होत नाही. त्याऐवजी ० ते १ मध्ये ‘ई’चा क्ष घात घ्या आणि बिंदूंमधले अंतर दर वेळी निम्मे करत सर्वांत मोठी त्रुटी मोजा : नैसर्गिक स्प्लाइनमध्ये ती साधारण चौपट घटते, नॉट-अ-नॉटमध्ये सुमारे सोळापट. हे गुणोत्तर बिघडले, तर सूत्रात कुठेतरी गफलत आहे असे समजावे. अर्थात त्रुटी १०⁻¹⁵ च्या आसपास पोचल्यावर उरतो तो संगणक आकडे मर्यादित अंकांतच साठवतो त्याचा खेळ, त्यावरून निष्कर्ष काढू नये. याच कारणाने किमतींची तुलना ‘समान आहे का’ अशी न करता १०⁻¹² सारखी सापेक्ष मर्यादा ठेवून करावी.

दिलेल्या बिंदूंवरची चाचणी राहू द्या, पण साधे रेषीय अंतर्वेशनही ती पास होते. तीत शेवटचा बिंदू, इथे ३, न चुकता घ्यावा, कारण योग्य तुकडा शोधणारा कोड अनेकदा नेमका तिथेच अॅरेच्या बाहेर जातो.