मित्राची राहून गेलेली रेस करताना: ट्रेनिंगचं, आणि नंतर सावरण्याचं

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला, आज सकाळी परत वाचला. थोडक्यात असं की मित्र जाऊन आठ महिने झाले, दोघांनी मिळून फुल डिस्टन्स ट्रायथलॉन (पोहणं, सायकल, धावणं एकापाठोपाठ, पूर्ण अंतराची) करायची ठरली होती, आता ती तुम्ही एकटे त्याच्या नावाने करणार आहात आणि त्यानेच बनवून ठेवलेला २४ आठवड्यांचा प्लॅन जसाच्या तसा पाळताय. नववा आठवडा चालू आहे, रात्री तीनला जाग येते ती येतेच, सकाळची पल्स नेहमीपेक्षा ८-९ ने वर, पाय जड, आणि एखादं सेशन बुडालं की त्याला फसवल्यासारखं वाटतं. शिवाय मागच्या हाफनंतर, म्हणजे निम्म्या अंतराच्या ट्रायथलॉननंतर, गुडघ्याने दोन महिने घालवले, त्यामुळे फुलनंतर काय होईल याची धास्ती.

आधी सरळ उत्तर देते. रेस करा, पण तो प्लॅन बाजूला ठेवा. त्याने तो बनवला तेव्हा तुम्ही दोघं होतात.

हे मी ठामपणे सांगतेय कारण हीच चूक मी केली आहे. माझी मैत्रीण आजारपणात गेली, तिची ट्रेनिंगची वही तिच्या आईने मला दिली. निळ्या पेनने लिहिलेली, प्रत्येक आठवड्याखाली एक ओळ, "आज पाय छान होते", "वाऱ्याने रडवलं" वगैरे. मी ती वही समोर ठेवून तिचेच पेस (किलोमीटरला किती मिनिटं), तिचेच तास करायला लागले. ती माझ्यापेक्षा किती वेगात होती हे मला चांगलं माहीत होतं, पण त्या वहीतलं एखादं इंटरव्हल (जोरात करायचा छोटा टप्पा) सोडणं म्हणजे तिच्याशी बोलणं अर्धवट तोडण्यासारखं वाटायचं. अकराव्या आठवड्यात डाव्या नडगीवर एका जागी दुखायला लागलं, अगदी नाण्याएवढी जागा, बोट ठेवलं की कळ यायची. मी आठ दिवस बर्फ लावून धावत राहिले. मग रात्री झोपेतही ठणकायला लागलं तेव्हा डॉक्टरकडे गेले, स्ट्रेस फ्रॅक्चर. दोन महिने धावणं बंद आणि त्या वर्षीची रेस गेली. पुढच्या वर्षी केली, माझ्या पेसने, १४ तास ५० मिनिटांत.

तेव्हा डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला होता, झोप किती होते? मी म्हटलं चार-साडेचार तास. ते म्हणाले मग हाड भरून कधी निघणार. तुमच्या बाबतीत मला हेच दिसतंय. शरीराला ताण कुठून आला हे वेगळं कळत नाही, १५० किलोमीटरची राइड असो की रात्री तीनला डोळे उघडे ठेवून पडणं असो, दोन्ही एकाच खात्यात जातं. शीटमध्ये दुःखाचा कॉलम नसतो, म्हणून ११ तासांचा दिसणारा आठवडा तुम्हाला १५ तासांचा पडतोय.

तर उठल्या उठल्या, अंथरुणातच, पल्स मोजा आणि झोपेचे तास लिहा. मी स्वतःपुरता नियम असा केलाय की सलग दोन दिवस पल्स स्वतःच्या सरासरीपेक्षा ५ ने वर आणि झोप सहा तासांच्या खाली, तर त्या दिवसाचं जड सेशन हलकं करायचं, म्हणजे बोलता येईल इतक्या वेगाचा तास-पाऊण तास आणि घरी. तिसऱ्या दिवशीही तेच असेल तर पूर्ण सुट्टी. आत्ता तुम्ही आठ-दहा दिवस निम्म्यावर या, याने फिटनेस जात नाही. आणि कॅलेंडरमध्ये त्याचा वाढदिवस, तो गेला ती तारीख, दोघांची पहिली रेस, असे दिवस आधीच खूण करून ठेवा आणि त्या दिवशी मोठं काही ठेवू नका. मी तिच्या वाढदिवशी पाच तासांची राइड ठेवली होती, सत्तराव्या किलोमीटरला रस्त्याच्या कडेला बसून रडले. रडण्याचं काही नाही, पण त्या नादात अडीच तास काही खाल्लं नव्हतं आणि हात थरथरायला लागले होते, गाड्यांच्या रस्त्यावर, एकटी.

आता टार्गेटचं. त्याने शीटमध्ये ११ तास लिहिलेत म्हणून तुम्हीही तेच धरलंय. १९७८ मध्ये हवाईला पहिली आयर्नमॅन, म्हणजे याच अंतराची ट्रायथलॉन, झाली तेव्हा १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केली आणि जिंकणाऱ्या गॉर्डन हॅलरला पावणेबारा तास लागले होते. ११ तास हा मोठा आकडा आहे. त्याउलट नुसतं पूर्ण करायचं गणित मांडून बघा. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० सायकल, ४२.२ धावणं आणि बहुतेक ठिकाणी एकूण कटऑफ (त्या वेळेत संपवलं नाही तर बाद) १७ तासांचा, पोहण्याचा २ तास २० मिनिटं, सायकल संपेपर्यंत सुरुवातीपासून साडेदहा तास (तुमच्या रेसचं नियमपत्रक नीट वाचा, काही ठिकाणी वेगळं असतं). तुम्ही दीड तासात पोहलात, ट्रान्झिशनला, म्हणजे पाण्यातून निघून सायकलवर बसेपर्यंत, पंधरा मिनिटं गेली, तर सायकलला पावणेनऊ तास उरतात, म्हणजे ताशी साधारण २१ चा वेग. आणि अगदी साडेदहाच्या ठोक्याला सायकल ठेवली तरी मॅरेथॉनला साडेसहा तास, म्हणजे किलोमीटरला सव्वानऊ मिनिटं, त्यात बरंच चालणं बसतं. तुमच्या हाफच्या वेळेवरून हे तुम्हाला झेपण्यासारखं आहे. हे गणित मी कागदावर लिहून बाथरूमच्या आरशावर चिकटवलं होतं, कारण वही उघडली की मला परत तिचेच आकडे दिसायचे.

ट्रेनिंग म्हणाल तर आठवड्याला ८-१० तासांपासून सुरू करून शिखराच्या दोन-तीन आठवड्यांत १३-१४ पर्यंत, नोकरी-घर सांभाळणाऱ्याला तेवढं पुरतं. तीन आठवडे चढ, चौथा उतार, आणि तुमच्यासारख्या वर्षात दोन चढ एक उतार असंही चालेल, मी तसंच केलं. बहुतेक सगळं हळू. लाँग राइड पाच-सहा तासांपर्यंत न्या पण लाँग रन अडीच तासांच्या वर नेऊ नका, पुढच्या प्रत्येक अर्ध्या तासाची किंमत पुढचे चार-पाच दिवस मोजावी लागते. सायकलवरून उतरून लगेच २०-३० मिनिटांचं ब्रिक आठवड्यातून एकदा, आणि पाय-कंबरेची ताकद दोनदा, अर्धा-अर्धा तास, तुमच्या गुडघ्यासाठी तर हे टाळूच नका.

खाण्याचं मात्र जरा सविस्तर, कारण मी बघितलेल्यांपैकी बरेच जण पायांमुळे नाही तर पोटामुळे बसले. तासाला ६० ग्रॅम कार्ब धरा. ग्लुकोज एकटं तेवढंच शोषलं जातं, फ्रुक्टोजचा आतड्यातला रस्ता वेगळा असल्यामुळे दोन्ही मिसळलेलं असेल तर ९० पर्यंत जाता येतं, पण त्यासाठी पोटालाही ट्रेनिंग लागतं, शेवटचे आठ-दहा आठवडे प्रत्येक लाँग राइडला रेसच्या दिवशीचंच खाणं. आणि नुसतं पाणी ढोसत राहू नका. जास्त पाण्याने रक्तातलं सोडियम पडतं आणि ते डिहायड्रेशनपेक्षाही भयंकर ठरू शकतं. लाँग राइडच्या आधी आणि नंतर वजन करा, नंतरचं वजन वाढलेलं निघालं तर तुम्ही जास्त पिताय.

पोहण्याबद्दल एक गोष्ट कळकळीने. ट्रायथलॉनमध्ये जे मृत्यू होतात त्यातले बहुतांश पोहताना होतात, म्हणून हृदयाची तपासणी करून घ्या, ओपन वॉटरमध्ये एकट्याने कधीही उतरू नका, आणि सुरुवातीच्या वेळी मित्राचा विचार मनात आणू नका. कठोर वाटेल, पण गळा दाटला की श्वास उथळ होतो, आणि पाण्यात उथळ श्वास म्हणजे घाबरणं. मी पहिली पाचशे मीटर फक्त हात मोजले, एक ते वीस, परत एक.

मग आठवण कुठे ठेवायची, तर तिची जागा आधी ठरवा. जॉन ब्लेझ नावाचा ट्रायथलीट होता, २००५ मध्ये त्याला एएलएसचं (स्नायू हळूहळू निकामी होत जाणारा मज्जातंतूंचा आजार) निदान झालं, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याने हवाईची आयर्नमॅन कटऑफच्या आत पूर्ण केली आणि फिनिश लाइन जमिनीवर लोळत ओलांडली. २००७ मध्ये तो गेला. तेव्हापासून जगभर कितीतरी लोक त्याच्यासाठी ती लाइन लोळत ओलांडतात. मला त्यात आवडतं ते हे की सगळी रेस ते आपापल्या पायांनी, आपापल्या वेळेत करतात आणि शेवटचे काही फूट त्याला देतात. तुम्हीही तसंच एक ठिकाण द्या. मी धावण्यातले ३० ते ३५ किलोमीटर तिला दिले होते. आणि तिची सायकलची बाटली अर्ध्या वाटेवर मिळणाऱ्या बॅगेत ठेवली होती. ती बाटलीचं तोंड दातांनी ओढून उघडायची, त्या रबरावर दोन बारीक खाचा पडल्या होत्या. नव्वदाव्या किलोमीटरला ती सायकलवरच्या बाटलीच्या स्टँडमध्ये लावली आणि पुढचे नव्वद त्यातूनच प्यायले, प्रत्येक वेळी जिभेला त्या खाचा लागायच्या. तुम्ही जे काही नेणार असाल ते नियमात बसतं का आधी विचारून घ्या, काचेचं काही चालत नाही, बाहेरच्या माणसाची मदत चालत नाही आणि फिनिशला त्याच्या घरच्यांना सोबत घेऊन धावायचं असेल तर बऱ्याच ठिकाणी परवानगी नसते.

टेपरचे, म्हणजे रेसआधी ट्रेनिंग कमी करत नेण्याचे, शेवटचे दोन-तीन आठवडे सांभाळा. ट्रेनिंगचे तास निम्म्यावर येतात आणि तो रिकामा वेळ सगळा त्याच्या आठवणींनी भरतो, मला तेव्हा वाटलं होतं की मी आजारी पडतेय. त्या संध्याकाळी कुणासोबत तरी घालवायच्या असं आत्ताच ठरवून ठेवा.

आता नंतरचं. फिनिश झाल्यावर लगेच आडवे होऊ नका, दहा मिनिटं सावकाश चाला, कोरडे कपडे, थोडं खारट काहीतरी, जमेल तसं. त्या रात्री झोप येत नाही, बहुतेकांना येत नाही, त्याला घाबरू नका. अंग दुखतंय म्हणून इबुप्रोफेनसारखी गोळी घेऊ नका, ताणलेल्या मूत्रपिंडांवर ती भारी पडते. लघवी कोलासारखी गडद झाली, किंवा डोकेदुखीबरोबर उलट्या, बोलण्यात गोंधळ असं काही दिसलं तर लगेच दवाखाना, सकाळपर्यंत थांबायचं नाही.

पहिला आठवडा धावणं शून्य. चालणं, हळू पोहणं, झोप. तुमचा गुडघा का गेला ते तुम्हीच लिहिलंय, हाफनंतर पाचव्या दिवशी "पाय मोकळे वाटले" म्हणून दहा किलोमीटर धावलात. स्नायूंचं दुखणं चार-पाच दिवसांत ओसरतं, कंडरांना (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) आणि हाडांना कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि त्या आतून कुरकुरत असताना बाहेर काही कळत नाही. दुसऱ्या आठवड्यात पाऊण तास सपाट रस्त्यावर सायकल. तिसऱ्यात चालणं-धावणं मिळून अर्धा तास, दिवसाआड. महिनाभर घड्याळातले पेस बघूच नका आणि पुढची रेसही बुक करू नका.

मनाचं मात्र दुसऱ्या आठवड्यात लागतं. रेसनंतरची पोकळी सगळ्यांनाच येते, पण आपल्यासारख्यांना दुहेरी येते कारण इतके महिने रोज त्याच्यासाठी काहीतरी करत होतो आणि आता करायला काही उरत नाही. मला तर ती परत गेल्यासारखं झालं. त्यासाठी आधीच एक काम राखून ठेवा, त्याच्याशी जोडलेलं पण घाम न गाळता होणारं. मी नवव्या दिवशी तिच्या आईकडे गेले, मेडल आणि ती बाटली घेऊन. काकूंनी मेडल हातात घेऊन बघितलं, ठेवलं. मग बाटली उघडून वास घेतला, म्हणाल्या, "ही कुणी धुतली नाही वाटतं," आणि उठून गरम पाण्याने घासायला लागल्या. बराच वेळ घासत होत्या. मी शेजारी फडकं घेऊन उभी होते. वही मी परत द्यायला नेली होती, ती त्यांनी घेतली नाही.

आणि एक, रात्री तीनची जाग अजून दोन-तीन आठवडे अशीच राहिली, जेवण जात नसेल, कशात मन लागत नसेल तर समुपदेशकाकडे जा, कोचकडे जातो तसंच. मी उशिरा गेले, चार महिने आधी जायला हवं होतं.

या रविवारची लाँग राइड रद्द करा. गेल्या चौदा दिवसांची सकाळची पल्स आणि झोपेचे तास इथे टाका, आणि गुडघा नक्की कुठे दुखतो, वाटीच्या खाली की बाहेरच्या बाजूला, तेही लिहा. मी उद्या संध्याकाळी बघते, मग पुढचे सहा आठवडे आपण तुमच्या आकड्यांवरून नव्याने मांडू.