कॉलनीतल्या फ्लॅटमध्ये रोज नवे पाहुणे: सोसायटी काय करू शकते?

तुमचा प्रश्न असा आहे: छत्रपती संभाजीनगरात गारखेडा भागात तुमच्या वरच्या मजल्यावरचा फ्लॅट मालकाने ॲपवर एक-दोन रात्रींसाठी द्यायला सुरुवात केली आहे. मालक स्वतः पुण्यात असतो. सोसायटीला हे बंद करता येईल का?

माझं उत्तर एका गोष्टीवर अवलंबून आहे. पाहुणे असतात त्या रात्री मालक त्या घरात झोपतो का?

मी मूळची तुळजापूरची. नवरात्रात आणि कोजागरीला सोलापूरकडून चालत येणारी माणसं आमच्या ओसरीवर, माडीवर उतरायची. आई पैसेही घ्यायची. गल्लीतल्या निम्म्या घरांत तेच चालायचं, त्यामुळे घरी परकी माणसं उतरवण्यात मला काही वावगं वाटत नाही. पण कुणी रात्री दंगा केला की शेजारच्या काकू थेट आमच्या दारात यायच्या आणि आईला ते ऐकून घ्यावं लागायचं. रांजणात पाणी किती उरलंय ते बघूनच ती पुढच्या माणसाला हो म्हणायची. तुमच्या वरच्या फ्लॅटमध्ये नेमकं हेच नाही. तिथे ऐकून घेणारं कुणीच नाही.

आमच्या सिडकोतल्या बिल्डिंगमध्ये १२ फ्लॅट आहेत आणि आम्हीही हे भोगलं आहे. एका सभासदाने फ्लॅट असाच द्यायला सुरुवात केली. वेरूळ-अजिंठ्याचे पर्यटक, लग्नाची वऱ्हाडं, परीक्षेला आलेली मुलं, सगळे यायचे. त्यांतले बहुतेक सज्जन होते, हे आधी सांगते. त्रास पाण्याचा झाला. आपल्याकडे जायकवाडीचं पाणी नळाला रोज येत नाही हे तुम्हाला सांगायला नको. ज्या दिवशी येईल त्या दिवशी टाकी भरायची आणि पुढचे दिवस काढायचे. दोन खोल्यांत नऊ माणसं उतरली, प्रवासाची धूळ म्हणून दोनदा आंघोळी झाल्या, आणि टाकी दोन दिवस आधीच तळाला गेली. टँकर मागवला. त्याचं बिल मात्र बाराही घरांत सारखं वाटलं गेलं. तिसऱ्या मजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या आजींनीही तेवढेच पैसे भरले. मला राग आला तो याचा. कमाई एकाची आणि टँकर सगळ्यांचा, हे अन्यायाचं आहे.

आता कायद्याकडे येते. थोड्या मुदतीच्या भाड्यासाठी आपल्याकडे एकच असा स्वतंत्र कायदा नाही. जे आहे ते चार ठिकाणी विखुरलेलं आहे.

सर्वांत आधी तुमची बिल्डिंग नेमकी काय आहे ते शोधा. आपण सगळेच 'सोसायटी' म्हणतो, पण आपल्या शहरात बऱ्याच इमारती सहकारी संस्था नसून १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली घोषणापत्र, म्हणजे इमारत आणि तिच्या वापराच्या अटी सांगणारा दस्त, केलेल्या असतात. सहकारी संस्था असेल तर तिचे उपविधी, म्हणजे अंतर्गत नियम, बघायचे. अपार्टमेंट असेल तर घोषणापत्र आणि त्याला जोडलेले उपविधी. ते नोंदणीकृत असतं, दुय्यम निबंधक कार्यालयातून नक्कल मिळते. आमच्या घोषणापत्रात सदनिका फक्त निवासासाठी वापरावी असं स्पष्ट वाक्य होतं, आणि अशी वाक्यं सर्रास असतात. उपविधी मोडणाऱ्याविरुद्ध मनाई मागण्याचा मार्ग त्याच कायद्यात आहे. सहकारी संस्थेत मालक स्वतः राहत नसेल तर नॉन-ऑक्युपन्सी शुल्क, म्हणजे मालक राहत नसल्याचा जादा आकार, लावता येतं, पण ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. त्यात टँकरसुद्धा निघत नाही, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका.

मालक म्हणेल, "मी भाड्यानेच तर दिलाय." मग त्याला विचारा, करार कुठे आहे? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर राहायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नसेल तर घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दोन रात्रींसाठी कुणी नोंदणी करत नाही. "ते तर पेइंग गेस्ट आहेत," असं म्हणाला तर त्याच कायद्यात पेइंग गेस्ट म्हणजे घर देणारा स्वतः राहतो त्या जागेचा काही भाग ज्याला दिला आहे तो. पुण्यात राहणाऱ्या मालकाला हे लागू होतच नाही. केंद्र सरकारच्या बेड अँड ब्रेकफास्ट योजनेतही जास्तीत जास्त सहा खोल्या आणि कुटुंबासह मालक तिथेच राहणारा, अशी अट आहे. मग उरतं काय? लॉज. निवासी इमारतीत लॉज चालवणं म्हणजे वापरात बदल, आणि त्याची तक्रार नगररचना कायद्याखाली महापालिकेकडे करता येते.

परदेशी पाहुणा असेल तर २४ तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन फॉर्मवर द्यावी लागते. वेरूळमुळे आपल्याकडे हा प्रश्न खरोखर येतो. भाडेकरूंची माहिती ठाण्यात द्यावी असा पोलीस आयुक्तांचा आदेश चालू आहे का, तेही ठाण्यात विचारा. गोंगाटासाठी वेगळं काही नको, निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे.

बाहेर बघाल तर न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून हीच रेघ ओढली आहे: ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीला द्यायचं तर मालक घरात हवा आणि पाहुणे दोनच. बार्सिलोनाने मात्र पर्यटक सदनिका २०२८ पर्यंत पूर्णच बंद करायचं ठरवलं आहे. ते मला आपल्यासाठी पटत नाही. निवृत्त जोडप्याने रिकामी खोली दिली, सकाळी पाहुण्यांना पोहे केले, तर त्यांचं उत्पन्न आपण का बुडवायचं? तुमच्या ठरावातही सरसकट बंदी लिहू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. मालक घरात राहत असेल तरच पाहुणे, येणाऱ्यांची नावं आणि ओळखपत्र आदल्या दिवशी सेक्रेटरीकडे, आणि त्या फ्लॅटच्या पाइपला वेगळं मीटर लावून टँकरचा खर्च वापराप्रमाणे. त्या सभासदाने दोन बैठकांत वाद घातला, तिसऱ्या बैठकीला सही केली. आता त्याने फ्लॅट एका कुटुंबाला वर्षाच्या करारावर दिला आहे.

तुम्ही आधी घोषणापत्राची नक्कल काढा आणि गेल्या सहा महिन्यांची टँकरची बिलं एकत्र करा. बैठकीची नोटीस लेखी द्या, पुण्याच्या पत्त्यावर पोचपावतीसह. आणि दिवाळीच्या सुट्टीआधी बैठक घ्या, कारण वेरूळची गर्दी तेव्हाच सुरू होते.