तारीख विचारली तर काय सांगावे?

प्रश्न : सप्रेम सलाम. माझे वय बेचाळीस असून मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. माझा जन्म हिंदू घरातला. अकरा वर्षांपूर्वी, जवळजवळ दोन वर्षे शुभवर्तमाने वाचल्यानंतर, मी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. त्या दिवशी मन शांत होते, परंतु पुष्कळजण ज्याला ‘नवा जन्म’ म्हणतात तसे लख्ख काही घडल्याचे मला आठवत नाही. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) साक्ष देणारे, म्हणजे आपण विश्वासात कसे आलो हे सर्वांसमोर सांगणारे, लोक दिवस, वार आणि कधी कधी वेळही सांगतात. पुढच्या महिन्यात स्त्रियांच्या सभेत मला साक्ष द्यायची आहे आणि माझ्याजवळ अशी तारीख नाही. उलट, आजही कित्येक गोष्टींविषयी शंका येतात. प्रार्थना कधी होते, कधी नुसती म्हटली जाते. धाकटा भाऊ आजही म्हणतो, “ताई, तुला कोणीतरी भरीला घातले.” अलीकडे असे वाचले की, पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्म्यानंतरच्या आठ वर्षांत आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा अर्थाची कबुली दिली. मग त्यांचा पहिला बाप्तिस्मा खोटा म्हणायचा का? आणि माझाही?
— एक वाचक, पुणे जिल्हा

उत्तर : सप्रेम सलाम. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. रमाबाईंचा बाप्तिस्मा खोटा नव्हता, आणि तुमचा खोटा होता असे म्हणावे असे तुमच्या पत्रात मला काहीही आढळले नाही. रमाबाईंची ती कबुली मात्र एकटीच वाचली तर दिशाभूल करते. ती त्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत आहे. तोवर त्या पन्नाशीला आल्या होत्या, केडगावला निराधार स्त्रियांसाठीचे त्यांचे मुक्ती मिशन उभे राहिले होते, आणि १८९१ च्या सुमारास आलेला एक अनुभव त्यांना आयुष्याचा कणा वाटू लागला होता. त्या उंचीवरून पाहताना आधीच्या पायऱ्या त्यांना ठेंगण्या दिसल्या, यात नवल नाही. आपण मात्र त्या पायऱ्या जवळ जाऊन पाहायला हव्यात.

तुमच्या भावाची शंका तुमच्यापुरती नाही. १८८३ साली सारे पुणे रमाबाईंविषयी हेच बोलत होते. त्या वर्षीच्या मे महिन्यात त्या इंग्लंडला पोहोचल्या तेव्हा पंचवीस वर्षांच्या विधवा होत्या आणि बरोबर दोन वर्षांची मुलगी मनोरमा होती. निघण्यापूर्वी आपण धर्म बदलणार नाही असे त्यांनी सांगून ठेवले होते, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी तिथल्या वॉन्टेज या गावी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. चार महिन्यांत शब्द फिरला, तेव्हा ज्यांच्या घरी राहिल्या त्यांनीच हे घडवले, असा निष्कर्ष काढणे लोकांना सोपे गेले. (सगळ्यांनीच तो काढला असे नाही. महात्मा फुले यांनी १८८५ साली ‘सत्सार’मधून रमाबाईंची बाजू घेतली, हे आपल्याकडे अजून पुरेसे सांगितले जात नाही.) वस्तुस्थिती अशी की, प्रवासाचा खर्च त्यांनी आपल्या ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या उत्पन्नातून उभा केला होता, आणि वॉन्टेजच्या भगिनीसंघाकडे (ख्रिस्ती जोगिणींच्या संघाकडे) त्या फुकट राहत नव्हत्या, भारतात येऊ घातलेल्या भगिनींना मराठी शिकवायचे, असा तो ठराव होता. वैद्यकी शिकण्याचा बेत मात्र कमी ऐकू येत असल्यामुळे सोडावा लागला.

शिवाय ते चार महिने हा त्या प्रवासाचा केवळ शेवटचा टप्पा होता. कलकत्त्यात त्यांना कोणी संस्कृत बायबल भेट दिले होते. ते त्यांना उमगले नाही. पुढे सिल्चरला पतीच्या ग्रंथसंग्रहात बंगाली भाषेतले लूककृत शुभवर्तमान हाती लागले आणि ते आवडले. तिथल्या एका बाप्टिस्ट मिशनऱ्याने उत्पत्तीच्या पुस्तकातील कथा समजावून सांगितली तेव्हा ख्रिस्ती व्हावे असे त्यांच्या मनात आले, परंतु पतीला ते रुचले नाही. पती वारल्यावर पुण्यात त्यांनी मराठी नव्या कराराचा अभ्यास केला आणि नीलकंठशास्त्री, म्हणजेच फादर नेहेम्या गोरे यांच्याशी चर्चा केली. फादर गोऱ्यांची पत्रे पुढे इंग्लंडलाही गेली. या सगळ्यात कोणी कोणाला भरीला घातल्याचे दिसत नाही. दिसते ते एवढेच की, एक बुद्धिमान स्त्री कित्येक वर्षे एका दाराशी येत होती आणि परत जात होती.

ते दार उघडले कसे, हे त्यांनीच सांगितले आहे. वॉन्टेजच्या भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातील आपले एक गृह दाखवले. समाजाने ज्यांना ‘पतित’ म्हणून बाहेर टाकले होते अशा स्त्रिया तिथे राहत होत्या आणि त्यांतल्या काही जणी पुढे इतर तशाच स्त्रियांची सेवा करू लागल्या होत्या. अशा स्त्रियांविषयी दया बाळगावी आणि त्यांना पुन्हा उभे करावे, असे आपण शिकलेल्या धर्मग्रंथांत कुठे पाहिले नाही, असे रमाबाईंना वाटले आणि त्यांनी एका भगिनीला त्याचे कारण विचारले. त्या भगिनीने उत्तरादाखल योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय, म्हणजे यहुदी ज्यांना तुच्छ मानीत त्या शोमरोनी लोकांतल्या एका स्त्रीशी येशू विहिरीवर बोलला ती गोष्ट, वाचून दाखवली. पुराणे आणि व्याकरण मुखोद्गत असलेल्या पंडितेला कोणत्याही सिद्धांताने जिंकले नाही. तिला जिंकले ते एका घराने आणि एका गोष्टीने. हे ज्यात घडले तो विश्वास खोटा म्हणायचा असेल, तर खऱ्याची व्याख्या फारच अवघड करून ठेवावी लागेल.

आता तुमच्या शंकांविषयी, कारण मला वाटते तुमची खरी अडचण तारखेपेक्षा तिथे आहे. बाप्तिस्म्यानंतरची तीन वर्षे रमाबाई आपल्या धर्ममातेशी, भगिनी जेराल्डिन यांच्याशी, भांडत होत्या असे म्हटले तर ते फारसे चूक होणार नाही. तो पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला आहे आणि मूळ इंग्रजीत असला तरी तो प्रत्येक मराठी ख्रिस्ती माणसाने वाचावा, असे माझे मत आहे. त्यात त्रैक्याविषयीचे (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीविषयीचे) प्रश्न आहेत, मतांगिकारातील, म्हणजे उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या विश्वासाच्या कबुलीतील, वाक्यांविषयीचे आक्षेप आहेत, आणि ख्रिस्ती लोकांत इतके पंथ असताना एकाच पंथाचे म्हणणे मी का मानावे, असा रोकडा सवाल आहे. क्रुसावरची अक्षरे लॅटिन का असावीत, लॅटिनमध्ये असे काय आहे जे आपल्या संस्कृतात नाही, असेही त्यांनी विचारले. त्या मांसाहार करीत नसत. त्यालाही जुन्या जातीचा अभिमान म्हटले गेले. चेल्टनहॅम येथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची संधी आली तेव्हा भारतातील बिशपांनी नापसंती दर्शवली, आणि रमाबाईंनी त्यावर खरमरीत लिहिले. भारतातील पुरोहितांचे जोखड आपण नुकतेच मानेवरून उतरवले आहे, तेव्हा तसलेच दुसरे जोखड आपण घेणार नाही, असा त्यांचा एकूण सूर होता. भगिनी जेराल्डिन यांना हा अहंकार वाटला. मला मात्र त्या पत्रांत एक गोष्ट फार मोलाची वाटते: इतक्या वादात ‘मी ख्रिस्ती नाही’ असे त्या एकदाही म्हणत नाहीत. ज्या माणसाला निघून जायचे असते तो इतकी लांब पत्रे लिहीत बसत नाही.

ज्या फादर गोऱ्यांच्या शब्दाने त्यांना धीर आला, त्यांचाही पिच्छा संशयाने १८४८ मधील बाप्तिस्म्यानंतर सोडला नाही. हिंदू तत्त्वज्ञानाच्या षड्दर्शनांचे खंडन लिहिणारा हा पंडित स्वतःच्या विश्वासाचीही तितक्याच कठोरपणे उलटतपासणी करीत राहिला, आणि तरीही १८९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत ख्रिस्ती राहिला. तेव्हा शंका आली की विश्वास गेला, हे समीकरण आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासाला तरी मान्य नाही.

मग १८९१ मध्ये काय झाले? रमाबाई तेव्हा पुण्यात होत्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत काढलेले शारदा सदन, म्हणजे विधवा आणि मुलींसाठीची निवासी शाळा, त्यांनी पुढच्या वर्षी तिथे आणले होते. त्यांच्या वाचनात हॅसलम नावाच्या एका इंग्रज पाळकाचे आत्मकथन आले. हा मनुष्य कित्येक वर्षे पाळकपण करीत होता आणि स्वतःचाच उपदेश करता करता, व्यासपीठावर उभा असताना, त्याचा पालट झाला. ते वाचून रमाबाईंना स्वतःची स्थिती ओळखीची वाटली. आतापर्यंत आपण धर्माची शिकवण पत्करली, पण जिवंत ख्रिस्तावर स्वतःला टाकले नाही, असे त्यांच्या ध्यानात आले. हा अनुभव त्यांच्या दृष्टीने निर्णायक होता आणि त्याला कमी लेखण्याचा मला अधिकार नाही. तरीही मला ज्या योगायोगाकडे तुमचे लक्ष वेधावेसे वाटते तो असा: त्याच शोमरोनी स्त्रीच्या अध्यायाच्या अखेरीस गावकरी तिला म्हणतात की, आता आम्ही तुझ्या सांगण्यावरून विश्वास धरीत नाही, तर आम्ही स्वतः ऐकले आहे. पहिला विश्वास तिच्या शब्दावर होता म्हणून तो खोटा होता असे ते म्हणत नाहीत. ती बोलली नसती तर ते विहिरीपर्यंत आलेच नसते.

टिकण्याविषयी मात्र मी १८८३ आणि १८९१ या दोन्ही तारखांपेक्षा पुढच्या वर्षांकडे पाहीन. शारदा सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही असे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेबरोबर प्रार्थना करीत, दार उघडे ठेवीत, आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. त्यावरून १८९३ मध्ये वाद पेटला, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. दार लावून घेतले असते तर वाद मिटला असता. पालकांची भीती अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही. परंतु आपला विश्वास लपवायचा नाही, या एका गोष्टीसाठी रमाबाईंनी पुण्यातली प्रतिष्ठा घालवली, हेही तितकेच खरे. मग १८९६ चा दुष्काळ आला. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावलेली ही बाई मध्य प्रांतात गेली आणि उपाशी मुलींना घेऊन आली. केडगावची जमीन फळबागेसाठी घेतलेली होती. तिथे छपरे उभी राहिली. आणि शेवटी बायबलचे भाषांतर. खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत ते असावे म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि केडगावच्या छापखान्यात मुक्तीतल्या स्त्रियांनीच त्याचे खिळे जुळवले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. त्यानंतरही रमाबाईंनी ते काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आले.

सगळ्यांचा मार्ग असाच असतो असे मात्र समजू नका. लक्ष्मीबाई टिळकांचे पती, रेव्हरंड ना. वा. टिळक, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, आणि बाई कित्येक वर्षे त्यांच्यापासून दूर माहेरच्या माणसांत राहिल्या. पुढे त्या नगरला आल्या तरी सोवळेओवळे सुटले नव्हते. जात देवाने केली की माणसाने, या एका प्रश्नावर त्या विचार करीत बसल्या, आणि माणसाने केली असे मनाशी ठरल्यावर कोणाच्याही हातचे खाऊपिऊ लागल्या. १९०० मधला बाप्तिस्मा त्यानंतरचा. रमाबाईंचा प्रवास ग्रंथांतून झाला, लक्ष्मीबाईंचा स्वयंपाकघरातून.

तुमच्या सभेविषयी एवढेच सांगते. जे घडले नाही ते साक्षीत घालू नका. इतरांच्या साक्षी ऐकून ऐकून आपल्या आठवणींनाही तसाच आकार येऊ लागतो, आणि ज्यांच्याजवळ खरोखर तसा एक दिवस आहे त्यांचाही त्यात अपमान होतो. तुम्ही दोन वर्षे कोणते शुभवर्तमान वाचत होता, कोणत्या वाक्याशी थांबलात आणि शाळेतल्या मुलांशी तुमचे वागणे कुठे बदलले, हे सांगा. त्याला दहा मिनिटे पुरतील. ज्या शंका अजून सुटल्या नाहीत त्या सभेत न मांडता तुमच्या पाळकांसमोर, शक्य तर लिहून काढून, मांडा. प्रार्थना नुसती म्हटली जाते त्या दिवशीही म्हणत जा. भावाशी वाद घालू नका, पण भाऊबीजेला जाणे बंद केले असेल तर यंदा जा. तुम्हाला कोणी भरीला घातले नाही हे त्याला तुमच्याकडे पाहूनच कळायचे आहे. आणि सभेत कोणी तारीख विचारलीच, तर बाप्तिस्म्याची सांगा. ती मंडळीच्या नोंदवहीत आहे आणि त्या दिवशी तुम्ही जे बोललात ते मनापासून बोललात. त्याखेरीज दुसरी तारीख माझ्याजवळ नाही, असे म्हणून खाली बसायला हरकत नाही.