तिसऱ्यांसाठी खिशातला सेन्सर घ्यावा का?

तुम्ही विचारलंय की तिसऱ्या शिजवायच्या आधी घरीच विष तपासणारा तो मोबाईलएवढा सेन्सर मागवावा का. मी आठ वर्षं सीफूड एक्स्पोर्टच्या लॅबमधे काढलीयेत, तर सरळ सांगतो, घरासाठी नको.

अशा सेन्सरमधल्या तपासपट्टीत खोट नाही हो. सॅक्सिटॉक्सिनची (सूक्ष्म शेवाळातून शिंपल्यांत साठणारं, नसा बधिर करणारं विष) पट्टी दिसते प्रेग्नन्सी टेस्टसारखीच, पण वाचायची उलटी, विष असेल तर टेस्टची रेघ उमटतच नाही, कारण नमुन्यातलं विष अँटिबॉडीला (पट्टीतलं विष पकडणारं प्रथिन) आधीच चिकटलेलं असतं, मग ती रेघेवर थांबेल कशाला. (आमच्याकडे नवीन आलेल्या पोराने पहिल्याच दिवशी दोन रेघा बघून अख्खा लॉट बाजूला काढला होता.) इलेक्ट्रोडवाल्या सेन्सरमधेही अशीच चिकटाचिकटी, फक्त रेघेऐवजी करंट बदलतो आणि आकडा फोनवर येतो.

गोची पट्टीच्या आधी आहे. खाण्यालायक मांसात या विषाची मर्यादा किलोला 800 मायक्रोग्रॅम, म्हणजे किलोभर मांसात एक मिलिग्रॅमसुद्धा नाही. ते पकडायचं तर बऱ्याच तिसऱ्यांचं मांस एकत्र वाटा, आम्लात नाहीतर अल्कोहोलमधे विष उतरवा, गाळा, मोजून पातळ करा, आणि यात चुकलात तर पट्टी बिचारी काय करणार. त्यात एकाच टोपलीतल्या दोन तिसऱ्यांत विष सारखं नसतं, तुम्ही दोन तपासणार आणि तीस खाणार! शिवाय सॅक्सिटॉक्सिनची भावंडं बरीच, निओसॅक्सिटॉक्सिन बऱ्याच अँटिबॉडींना नीट ओळखूच येत नाही. जुलाब लावणारं ओकाडाइक ॲसिड आणि स्मरणशक्तीवर घाला घालणारं डोमोइक ॲसिड यांच्या पट्ट्या आणखी वेगळ्या.

आणि उकळून जातं हा भ्रम काढून टाका, उष्णतेने हे विष मरत नाही. 1997 मधे केरळात विळिंजमला शिनाणे (तिसऱ्यांसारखेच शिंपले) खाऊन 7 जण गेले.

पट्टीचा उपयोग आहे तो शिंपल्यांची शेती करणाऱ्याला किंवा घाऊक घेणाऱ्याला, रोज तपासायचं आणि संशयित लॉट एचपीएलसीला (विष वेगळं करून मोजणारी लॅबमधली तपासणी) पाठवायचा.

खाल्ल्यावर ओठ-जीभ झिणझिणली तर पट्टी शोधत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा, उतारा नाही पण श्वासाला आधार मिळाला तर माणूस वाचतो. उरलेलं कालवण सोबत न्या, फेकू नका.

बांगड्याने अंगावर गांधी उठतात ते मात्र वेगळं, तो बर्फ कमी पडल्यावर तयार होणारा हिस्टामिन.